‘कोण कोण राहणार?’

ठाण्यापासून बदलापूरपर्यंत, किंवा पुण्यात वाकडपासून हडपसरपर्यंत, भाड्याने घर बघायला निघालं की एजंट आधी बजेट विचारत नाही. तो विचारतो, "कोण कोण राहणार?" नवरा-बायको आणि मुलं असं उत्तर मिळालं की गाडी पुढे सरकते. एकटी आई आणि तिची मुलगी, लग्न न केलेलं जोडपं, एकत्र संसार करणाऱ्या दोघी, दोन पुरुष, एकटा बाप, ट्रान्स व्यक्ती आणि तिचा जोडीदार, आई-वडील परदेशी असलेल्या नातवाला सांभाळणारे आजी-आजोबा, असं काही उत्तर आलं की तो म्हणतो, "विचारून सांगतो." त्या ‘विचारून सांगतो’ पासून किल्ली हातात पडेपर्यंतच्या वाटेने आम्ही गेलो आहोत, इतरांना सोबतही केली आहे. कुणाच्या घरच्या गोष्टी इथे सांगत नाही. वाट कशी आहे, खड्डे कुठे आहेत, एवढंच सांगतो.

सगळ्यात मोठा घोळ क्रमाचा असतो. बहुतेक जण आधी सोसायटीच्या सेक्रेटरीला भेटतात, "आम्हाला चालेल ना तुमच्याकडे?" असं विचारतात आणि तिथेच अडकतात. विचारलं की समोरच्याला वाटतं, नाही म्हणायचा अधिकार आपल्याला आहे. तो त्याला नसतो. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांसाठीच्या 2014 च्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायटी चालवायच्या नमुना नियमांनुसार, सभासदाने आपला फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाडेकरारावर, द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. सभासदाने, म्हणजे मालकाने, आठ दिवस आधी कळवायचं आणि कराराची प्रत व पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत जोडायची. उपविधी क्रमांक 43 काढून मोबाइलमध्ये ठेवावा, कारण कमिटीतल्या निम्म्या लोकांनी तो वाचलेला नसतो. एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, हा शब्द इतका रुळला आहे की मालकसुद्धा "सोसायटीची एनओसी मिळाली तर देतो" म्हणतात. होकार हवा तो मालकाचा. सोसायटीला कळवायचं असतं.

म्हणून मालकाला सगळं खरं सांगायचं, आणि तेही टोकन, म्हणजे घर पक्कं करायची आगाऊ रक्कम, देण्याआधी. इथे लपवाछपवी सगळ्यात महाग पडते. दोघींनी ‘मावसबहिणी’ म्हणून सांगितलं आणि करारासाठी आधार कार्डं निघाली की आडनाव, मूळ गाव, वडिलांचं नाव, काहीच जुळत नाही. जोडप्याने ‘लग्न झालंय’ म्हटलं की सेक्रेटरी लग्नाचा दाखला मागतो. तो देणं बंधनकारक नसलं तरी एकदा खोटं बोलल्यावर नकार द्यायला तोंड राहत नाही. मालकाला सांगायचं वाक्य छोटं ठेवावं: "मी आणि माझी मुलगी, दोघीच." "आम्ही दोघे एकत्र राहतो, लग्न केलेलं नाही, दोघांच्या नोकऱ्या आहेत." एवढं पुरतं. कारणं देऊ लागलं की त्यावर चर्चा सुरू होते. मालकाला खरं तर तीनच गोष्टी हव्या असतात: भाडं वेळेवर येईल का, घर नीट ठेवतील का, सोसायटीकडून डोक्याला ताप होईल का. पहिल्या दोन्हींसाठी तीन महिन्यांचं पगारपत्रक आणि आधीच्या मालकाचा फोन नंबर द्यावा. तिसऱ्यासाठी, सोसायटीला द्यायचं पत्र आपणच टाइप करून त्याच्या हातात द्यावं, त्याला फक्त सही करायची राहील. मालक लोकांना कागद करायचा आळस असतो. तो आळस काढून टाकला की अर्धा विरोध विरघळतो.

एजंटची गोष्ट वेगळी. तो वाईट नसतो, त्याला फेऱ्या वाचवायच्या असतात. त्याचा मेहनताना साधारण एका महिन्याचं भाडं, बहुतेकदा दोन्ही बाजूंकडून. त्यामुळे सौदा व्हावा हेच त्याच्या हिताचं असतं. त्याला सरळ म्हणावं, "ज्या मालकांना चालतं तेवढीच घरं दाखव." कुठल्या बिल्डिंगमध्ये एकट्या बाईला दिलं होतं आणि कुठे चेअरमनने पाणी बंद केलं होतं, हे त्याला पाठ असतं. दोन पुरुष म्हटलं की तो ‘बॅचलर’ या खान्यात टाकतो आणि तिथेच घरं निम्मी होतात. दोन बायकांना तितका त्रास होत नाही, कारण लोक त्यांना मैत्रिणी समजून सोडून देतात. ही सूट किती दिवस चालेल आणि त्या समजुतीखाली राहायचं का, हे ज्याचं त्याने ठरवावं. आमचं मत असं की शेजाऱ्यांना सगळं सांगायची गरज नाही, पण मालकाशी खोटं नको.

टोकन पाच-दहा हजारांचं असतं. ते रोख देऊ नये, यूपीआयने द्यावं आणि लगेच मेसेज पाठवावा: "अमुक फ्लॅटसाठी टोकन दिलं आहे, राहणाऱ्यांची नावं अमुक, मालकाकडून किंवा सोसायटीकडून नकार आल्यास रक्कम परत." मालकाचं ‘ओके’ आलं की तो मेसेज पुराव्यासारखा उपयोगी पडतो. नावं त्यात लिहिणं महत्त्वाचं, कारण नंतर "आम्हाला सांगितलंच नव्हतं" हे वाक्य हमखास येतं.

आता करार. इथे महाराष्ट्राचा कायदा भाडेकरूच्या बाजूने चांगला आहे, पण लोक वापरत नाहीत. भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणी करायची जबाबदारी मालकाची. केली नाही तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून कामाची गोष्ट म्हणजे, करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून भागवू म्हणणाऱ्या मालकाला हे शांतपणे सांगितलं की तो बहुतेकदा वळतो.

अकरा महिन्यांचाच करार करायची सवय दुसऱ्या राज्यांतून आली आहे, जिथे एक वर्षाखालचा करार नोंदवावा लागत नाही. आपल्याकडे महिने कितीही असोत, नोंदणी आहेच. मग 22, 33 किंवा 36 महिन्यांचा का करू नये? साठ महिन्यांपर्यंत लिव्ह अँड लायसन्सला तोच मुद्रांक दर लागतो आणि नोंदणी फी दरवर्षी न भरता एकदाच भरावी लागते. ज्या कुटुंबाला दर अकरा महिन्यांनी नव्या कमिटीपुढे ‘कोण कोण राहणार’ ऐकायचं नाही, त्याने लांब मुदतीचा करार मागावा, भाड्यात दरवर्षी पाच टक्के वाढ आधीच लिहून द्यावी आणि दोन्ही बाजूंना बांधणारा लॉक-इन, म्हणजे करार मोडता न येणारा काळ, किमान एक वर्ष ठेवावा. शेजाऱ्यांच्या दबावाखाली मालक मधेच डळमळला तर हा लॉक-इन कामाला येतो.

हिशेब असा. मुद्रांक शुल्क म्हणजे पूर्ण मुदतीचं भाडं, अधिक परत न मिळणारी रक्कम असल्यास ती, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के धरलेलं व्याज, या बेरजेच्या 0.25 टक्के. भाडं 22,000, डिपॉझिट एक लाख, मुदत 11 महिने धरली तर भाड्याचे 2,42,000 आणि व्याजाचे नऊ-दहा हजार मिळून अडीच लाखांच्या थोडं वर. शुल्क सव्वासहाशे-साडेसहाशेच्या घरात. नोंदणी फी महापालिका हद्दीत 1,000 रुपये, ग्रामीण भागात 500. कागद हाताळणीचे 300 वेगळे. ऑनलाइन नोंदणीसाठी सेवा देणारा माणूस बोटाचं यंत्र आणि वेबकॅम घेऊन घरी येतो. त्याची फी वेगळी, तो सांगेल ती. मालक, भाडेकरू आणि ओळख पटवणारे दोन जण, सगळ्यांचं आधार लागतं.

नेमकी इथे चौकटीबाहेरच्या कुटुंबांची गाडी अडते. घटस्फोटित बाईच्या आधारवर सासरचं आडनाव, पॅनवर माहेरचं, बँकेत तिसरंच. बोटांचे ठसे झिजलेल्या आजी-आजोबांचं यंत्र ऐकत नाही. हात धुऊन, पुसून, दुसरं बोट लावून बघावं, नाहीच झालं तर दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन प्रत्यक्ष नोंदणी करावी. ट्रान्स व्यक्तीच्या आधारवर जुनं नाव असेल तर ट्रान्स व्यक्तींच्या हक्कांच्या 2019 च्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळणारं ओळख प्रमाणपत्र आणि त्यावरून आधार बदलणं हे सगळं घर शोधायच्या आधी. त्यासाठी केंद्राच्या पोर्टलवर ऑनलाइन अर्ज करता येतो. करार एकदा जुन्या नावाने झाला की पुढे गॅस, बँक, शाळा, सगळीकडे तेच नाव चिकटून येतं.

करारात दोघेही प्रौढ ‘लायसन्सी’, म्हणजे घर भाड्याने घेणारे, म्हणून असावेत. एकाच्या नावावर करार आणि दुसरं ‘सोबत राहणारी व्यक्ती’, असं एजंट सोयीसाठी करतात. मग एकाची बदली झाली, आजारपण आलं, किंवा दोघांचं फिसकटलं, तर दुसऱ्याला त्या घरात उभं राहायला कागदाचा आधार उरत नाही. लग्नाच्या बायकोला निदान दुसरे कायदे आहेत; लग्नाशिवायच्या जोडीदाराला बहुतेकदा हाच एक कागद. मुलांची नावंही वयासकट लिहून घ्यावीत.

हाच करार पुढे कुठे कुठे लागतो बघा. आधारवरचा पत्ता बदलायला. शाळेसाठी तर फार: आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, 25 टक्के जागांसाठी शाळेपासूनचं अंतर मोजलं जातं आणि भाड्याच्या घराचा पुरावा म्हणून नोंदणीकृत करारच धरला जातो. त्यामुळे मूल पहिलीत किंवा नर्सरीत जाणार असेल तर प्रवेशाचा फॉर्म सुटण्याआधी करार झालेला असावा. एकट्या आईला शाळेत वडिलांच्या नावाचा रकाना दाखवला जातोच. सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये अविवाहित आईला मुलाच्या वडिलांचं नाव न सांगता एकटीने पालकत्व घेता येतं असा निकाल दिला आहे. आणि महाराष्ट्रात 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव सरकारी कागदांवर लागतं. क्लार्कशी वाद घालायला हे पुरेसं असतं. वाद कमी करायचा असेल तर जन्मदाखल्याची प्रत आधी काढून ठेवावी.

पोलिसांना माहिती देणं हा परवानगीचा प्रकार नाही, हे मालकांना वारंवार सांगावं लागतं. पोलिसांच्या संकेतस्थळावर भाडेकरू माहितीचा फॉर्म भरता येतो. न जमल्यास स्थानिक ठाण्यात कागद देऊन पोच घ्यायची. जबाबदारी मालकाची. फॉर्मात नातं विचारलं तर ‘एकत्र राहणारे’ लिहावं. लग्न न करता राहणं हा गुन्हा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच स्पष्ट केलं आहे, आणि समलैंगिक संबंध 6 सप्टेंबर 2018 पासून गुन्ह्याच्या कक्षेत नाहीत. ठाण्यातल्या हवालदाराला या तारखा ऐकवायची वेळ सहसा येत नाही. त्याला पोच द्यायची असते आणि घरी जायचं असतं.

मग सोसायटी. मालकाचं सूचनापत्र, कराराची प्रत, पोलिसांची पोच, असं एकत्र देऊन ऑफिसच्या शिक्क्याची पोच घ्यावी. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवावं. आता पैशांचे प्रकार सुरू होतात. बिगर वहिवाट शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, 1 ऑगस्ट 2001 च्या शासन परिपत्रकानुसार सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांवर घेता येत नाही. महिन्याचं बिल 3,500 असेल आणि त्यात सेवा शुल्क 2,000 असेल, तर जास्तीत जास्त 200. भाडेकरू ‘वेगळा’ आहे म्हणून ते दुप्पट लावायचे प्रकार होतात; बिलातली सेवा शुल्काची ओळ दाखवली की थांबतात. सामान चढवायचे पाच हजार, लिफ्टचे वेगळे, असं मागितलं तर सर्वसाधारण सभेचा ठराव मागावा आणि पावतीशिवाय एक रुपया देऊ नये. ठराव असेल आणि सगळ्या भाडेकरूंना तोच दर असेल तर भांडत बसू नये. सामान टेम्पोत आणि भांडण गेटवर, हे चित्र कुणाच्याच फायद्याचं नसतं.

"आमच्याकडे फक्त फॅमिली" असा सभेचा ठराव दाखवणाऱ्या सोसायट्या बऱ्याच आहेत. नोंदवलेल्या उपविधींच्या पलीकडे जाऊन ठरावाने भाडेकरू अडवता येत नाही, तरी तो फळ्यावर लावलेला असतो. इथे एक कटू गोष्ट जाणून असावी. खाजगी घरमालकाने किंवा सोसायटीने भेदभाव करू नये असा सर्वांना लागू होणारा कायदा आपल्याकडे नाही. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीला सभासदत्व पारशांपुरतं ठेवणारा उपविधी मान्य केला होता. अपवाद ट्रान्स व्यक्तींचा: 2019 च्या कायद्याच्या कलम 3 मध्ये घर भाड्याने घेणं, विकत घेणं, राहणं यात भेदभावाला मनाई आहे. बाकीच्यांना ढाल उपविधींची आणि कराराची.

तक्रार कोणी करायची, हेही लोक चुकतात. सहकारी संस्थांच्या उपनिबंधकाकडे भाडेकरूने अर्ज केला तर "तुम्ही सभासद नाही" म्हणून तो बाजूला पडतो. अर्ज मालकाने, सभासद म्हणून करायचा. पाणी तोडलं, लिफ्ट बंद केली, दारावर येऊन धमकावलं, तर भाडेकरूने स्वतः 112 वर फोन करावा आणि ठाण्यात लेखी द्यावं. ते उपनिबंधकाचं काम नाही. फोटो, तारीख, वेळ, कोण होतं, हे त्याच दिवशी लिहून ठेवावं.

इतकं सगळं बहुतेक ठिकाणी होत नाही, हेही सांगायला हवं. आपली उपनगरं दोन प्रकारची. घोडबंदर रोड किंवा वाकडसारखे मोठे टॉवर: गेटवर ॲप, मूव्ह-इनचा फॉर्म, बाविसाव्या मजल्यावर कोण राहतं कुणाला ठाऊक नाही. शिरायला सोपं. पण ताप आला तर दार वाजवायलाही कुणी नाही. दुसरा प्रकार डोंबिवली-कल्याणच्या सोळा-वीस फ्लॅटच्या, लिफ्ट नसलेल्या जुन्या बिल्डिंगी. तिथे जिन्यातच चौकशी होते: मिस्टर कुठे असतात, मूळ गाव कुठलं, शाकाहारी का. पहिले तीन महिने नकोसे होतात. पण एकदा पलीकडच्या काकूंनी गॅसवाल्यासाठी किल्ली ठेवून घेतली की बात संपली. पुढे तुमच्या मुलीला शाळेची बस चुकली तर त्याच सांभाळतात. एकट्या आईला आम्ही दुसऱ्या प्रकारची बिल्डिंग सुचवतो, दोन पुरुषांना किंवा ट्रान्स जोडप्याला पहिली. नियम नव्हे, कल.

त्या तीन महिन्यांत काय करावं? "पाणी किती वाजता येतं?" हा प्रश्न जिन्यात विचारावा. ज्याला प्रश्न विचारला तो माणूस आपला होतो, कारण उपनगरात पाण्याची वेळ हेच खरं ज्ञान. गणपतीची वर्गणी पहिल्या फेरीत द्यावी आणि पावतीवर दोघांची नावं लिहून घ्यावीत. मंडळाच्या वहीत दोन नावं एकाखाली एक आली की बिल्डिंगने ती वाचलेली असतात, कुणी काही बोलत नाही. चेअरमनच्या फॉर्मवर ‘तातडीचा संपर्क’ असा रकाना असतो. तिथे जोडीदाराचं नाव आणि नंबर लिहावा. वॉचमन हा माहितीचा मुख्य स्रोत असतो, त्याच्याशी नावाने बोलावं. हळदीकुंकवाला एकट्या बाईला, विशेषतः घटस्फोटित किंवा विधवा, बोलावतात की नाही हे अजूनही बिल्डिंगनिहाय बदलतं. न बोलावलं तर मनाला लागतंच. काही जणी मग स्वतःच्या घरी सगळ्यांना तिळगूळ-चहाला बोलावतात आणि कुंकवाचा मुद्दा आपोआप मागे पडतो.

घर विकत घेणाऱ्यांसाठी थोडक्यात. बँका सहकर्जदार म्हणून नवरा-बायको, आई-वडील, भावंडं सहज घेतात. जोडीदाराला बऱ्याच नाकारतात. सहमालक असेल तर त्याला सहकर्जदार व्हावंच लागतं, म्हणून दोघांच्या नावावर घर घ्यायचं असेल तर बुकिंगच्या आधी बँकेचं लेखी उत्तर घ्यावं. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राने एलजीबीटीक्यू व्यक्तींना संयुक्त बँक खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नाही असं स्पष्ट केलं आहे. त्या खात्यातून हप्ता आणि मेंटेनन्स गेला तर दोघांच्या वाट्याचा माग राहतो.

भाग दाखल्यावर, म्हणजे सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर, ज्याचं नाव पहिलं त्याला सभेत मत. दुसऱ्याचं नाव त्यावर नसेल तर नॉमिनेशन करावं: सोसायटीचा फॉर्म तीन प्रतींत, पहिल्या वेळी फी नाही, पुढच्या प्रत्येक बदलाला 100 रुपये. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. वारसा कायद्यात लग्नाशिवायच्या जोडीदाराला जागा नाही, त्यामुळे नुसत्या नॉमिनेशनवर राहिलं तर भाऊ-पुतणे दारात येतात. मृत्युपत्र करावं. साक्षीदार दोन, आणि ज्याला घर मिळणार तो साक्षीदार नको. नोंदणी सक्तीची नाही, तरी करावी. त्याची एक प्रत नॉमिनेशनच्या पोचेसोबत एकाच पाकिटात ठेवावी, आणि ते पाकीट कुठे आहे ते दोघांनाही माहीत हवं.